बांधावर उभं राहा म्हणतो फोन

आमच्याकडं शीव म्हणजे गावाची हद्द. बैलपोळ्याला बैल शिवेवर न्यायचे, भांडण झालं तर शिवेच्या दगडावरून व्हायचं. मुंबईतल्या शीवचं नावही ह्याच शब्दावरून पडलं. मुंबई बेटाची हद्द इथं संपायची आणि पलीकडं पोर्तुगीजांची साष्टी लागायची. त्या हद्दीवर नजर ठेवायला इंग्रजांनी सतराव्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला, तो अजून उभा आहे. गेल्या पावसाळ्यात त्या किल्ल्याच्या सावलीला मी दीड महिना काढला. बायकोचं ऑपरेशन होतं आणि लेक शीवला राहते. तिथंच जावयानं मला पहिला टचचा फोन घेऊन दिला. तेव्हापासून एक गोष्ट मनात खदखदते आहे, ती सांगून टाकतो. शेतकऱ्याच्या पिकाची नोंद शेतकऱ्याच्याच फोनवर ढकलणं म्हणजे सरकारनं आपलं काम आपल्या गळ्यातून काढून आमच्या गळ्यात बांधणं आहे.

आधी फोनचं चांगलं ते सांगतो, कारण वस्तू वाईट नाही. दहा वर्षं माझ्याकडं बटणांचा फोन होता. ह्या नव्या फोनवर पहिल्याच संध्याकाळी गावाकडचा थोरला भाऊ समोर दिसला. त्यानं फोन फिरवून सोयाबीन दाखवलं. शेंगा धरलेल्या दिसल्या, पानावर अळीची भोकं दिसली. मी शीवमध्ये बसून म्हणालो, "दादा, उद्याच्या उद्या फवारा घ्या." हे आमच्या बापाच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. पावसाचा अंदाज कळतो, बाजार समितीचा भाव कळतो, चष्मा विसरला तर अक्षर मोठं करता येतं. सहावीतली नात शिकवायला बसायची. म्हणायची, "आबा, घाबरू नका, दाबा. दाबल्यानं काही मोडत नाही."

पण पोरीला काय ठाऊक, कागदावर कुठंही दाबण्याची आम्हाला धास्ती असते. आमच्यात स्टँपपेपर चार माणसांकडून वाचून घेतात, तेव्हा सही होते. फोनवर मात्र पानंच्या पानं मजकूर येतो आणि खाली एकच बटण, 'मी सहमत आहे'. नाही म्हणायची सोय असते, पण नाही म्हटलं की पुढचं दार बंद. मग ही कसली सहमती?

आणि तो अंगठा! आमचे वडील अंगठेबहाद्दर होते. सावकाराच्या वहीवर त्यांनी किती अंगठे उठवले त्याचा हिशेब नाही. म्हणून त्यांनी मला दहावीपर्यंत शाळेत घातलं, पोरगा सही करील म्हणून. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात विद्या नसल्यानं शेतकरी कसा नाडला जातो तेच मांडलं होतं. विद्या घेतली, सही शिकलो. आता साठीत फोन म्हणतो, सही नको, बोट टेकवा. चाळीस वर्षं खुरपं धरून बोटांवरच्या रेघा झिजल्या आहेत. चार वेळा टेकवलं, चारही वेळा फोननं ओळखलं नाही. शेवटी नातीनं आकड्यांचं कुलूप लावून दिलं.

हे झालं घरातलं. आता शेताचं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' अशी घोषणा गावोगाव लागली. घोषणा ऐकायला छान आहे. त्याआधी तलाठी पीक पाहणी करून सातबाऱ्याच्या बारा नंबरात पेरा लिहायचा. बरेचदा चावडीत बसूनच लिहायचा, उसाच्या जागी ज्वारी लागायची, हे मी नाकारत नाही. पण चुकलं तर जबाबदार कोण, ते ठाऊक होतं. त्याच्या दारात जाऊन भांडता येत होतं. आता नोंद राहिली तर जबाबदार मीच. दार माझंच, भांडू कुणाशी?

नियम असा की शेतकऱ्यानं आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. जागा फोन स्वतः ओळखतो. खरिपाची मुदत असते ऑगस्ट-सप्टेंबरात. माझी सव्वादोन एकर खटाव तालुक्यात आणि मी शीवच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात. हातात नवा कोरा फोन असून उपयोग काय? पीक जमिनीत आहे, जमीन माझ्या नावावर आहे, पण मी बांधावर नाही म्हणून फोनच्या लेखी माझं रान पडीक! माझं निभावलं, कारण पुतण्या कामावर खाडा करून रानात गेला आणि त्यानं त्याच्या फोनवरून नोंद केली. दवाखान्यात सोलापूर, बीडकडची माणसं भेटली, रोग्याच्या उशाशी बसून गावाकडं हाच फोन लावणारी. ज्याला पुतण्या नाही त्यानं रोगी सोडून बांधावर जायचं का?

कुणी म्हणेल, एवढ्याशा नोंदीनं काय बिघडतं? २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला सरकारनं हेक्टरी ५ हजार रुपये मदत जाहीर केली, २ हेक्टरच्या मर्यादेत. अट काय, तर ई-पीक पाहणी केलेली असावी. ज्यानं पेरलं, काढलं, पडत्या भावात विकलं, पण फोनवर नोंदवलं नाही, तो यादीबाहेर. पुढं ओरड झाली तेव्हा अट सैल करावी लागली. म्हणजे अट चुकीची होती हे सरकारलाही कळलं. मग प्रत्येक वेळी आधी ओरड कशाला व्हायला हवी?

शहरातले शिकलेले मित्र सांगतात, "अहो, एका फोनवरून दुसऱ्याचीही नोंद होते, आणि राहिलेल्यांसाठी नंतर सहायक नेमतात." दोन्ही खरं आहे. माझं म्हणणं एवढंच, की तो सहायक शेवटी नेमता येतो तर पहिल्या दिवसापासून का नाही? आमच्या वाडीवर एक एकटी म्हातारी सव्वा एकर कसते. तिनं दुसऱ्याच्या पोराला नोंदीसाठी हाता-पाया का पडावं? तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलं आहे. नाव मोठं झालं, आता त्याला माणसंही द्या. एकेका सजाला चार-चार गावं असली तर तो बिचारा तरी किती बांध तुडवणार?

मागणी फार मोठी नाही. ज्याला फोन जमतो त्यानं खुशाल फोनवर नोंद करावी, मीही करीन. ज्याला जमत नाही त्यानं ग्रामपंचायतीत साधा कागद द्यावा, शिक्का मारलेली पोच घ्यावी, आणि सरकारी माणसानं रानात येऊन खात्री करावी. आजारपणात, परगावी असताना लेखी कळवलं तर मुदत वाढावी. आणि निव्वळ फोनवर नोंद नाही म्हणून कुणाचीही मदत अडवू नये.

फोन औत-अवजारासारखा आहे. पाभर नसली तर माणूस हातानं टोकण करतो, म्हणून त्याचं पीक कुणी खोटं ठरवत नाही. फोनचंही तसंच असावं. पेरणं आमचं काम, ते आम्ही केलं. मोजणं आणि लिहिणं ज्यांचं काम, त्यांनी बांधावर यावं.