शिल्लकी थाप

मंदीच्या वर्षात खरी जमा लिहून अंदाजपत्रक मांडणारी ग्रामपंचायत कुणी दाखवली, तर तिथल्या सरपंचाला हार घालायला मी पदरच्या खर्चाने जाईन. २०२५ मध्ये सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला आणि बाजारात माल त्याच्या कितीतरी खाली गेला. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं मराठवाड्यातली उभी पिकं झोपवली. तरीही अंदाजपत्रकाचा नमुना १ भरायला घेतला की जमेची बाजू गुबगुबीत, आणि तळाला अखेरची शिल्लक! शेतकऱ्याच्या घरात दमडी नाही, त्याच्या पंचायतीच्या कागदावर मात्र पैसा उरतो.

मी टेंभुर्णीचा; सोलापूरकडच्या नव्हे, जाफ्राबाद तालुक्यातल्या. पण भांडण एका पंचायतीशी नाही. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि ही रीत सर्रास आहे.

करमागणीच्या नमुना ९ मध्ये घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीची चालू मागणी असते, शेजारी वर्षानुवर्षांची थकबाकी. ती सगळी यंदा वसूल होणार असं धरायचं आणि तेवढ्या जमेवर खर्च रंगवायचा. मार्च आला की पुनर्विनियोजनाचा नमुना २ आहेच. कागद स्वच्छ राहतो. स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी, हेही सुबक मांडलेलं असतं. उत्पन्नच आलं नाही की पहिली कात्री तिथं लागते, आणि आवाजही होत नाही.

ही थाप निरुपद्रवी असती तर मी गप्प बसलो असतो. पण तिचा भुर्दंड पाणी सोडणाऱ्या माणसाला पडतो. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याच्या किमान वेतनातला शासनाचा हिस्सा करवसुलीच्या टक्केवारीला बांधलेला आहे. वसुली पडली की अनुदान घटतं आणि उरलेला भार पंचायतीवर येतो. तिच्याकडे तर वसुलीच नसते! म्हणजे पहाटे व्हॉल्व फिरवायचा यानं, पट्टी बुडवायची दुमजली घरवाल्यानं, आणि पगार थकायचा याचा. वसुलीची अट रद्द करा म्हणून कर्मचारी संघटना वर्षानुवर्षं ओरडताहेत. कोविडच्या टाळेबंदीत हेच लोक गल्लीबोळांत फवारणी करत होते. तेव्हा टाळ्या मिळाल्या. टाळ्यांवर किराणा मिळत नाही.

वरचं सरकार तरी काय करतं? मे २०२० मध्ये राज्यानं विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लावली. ते मी समजू शकतो. पैसा नव्हता आणि तसं सांगितलं गेलं. जून २०२१ मध्ये मात्र पथदिव्यांची आणि पाणीयोजनांची वीजबिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा, असा आदेश निघाला. आधी पथदिव्यांचं बिल शासन उचलत होतं. बिलं थकली, महावितरणनं जोडण्या तोडल्या, गावं अंधारात गेली, सरपंच रस्त्यावर आले. आपलं ओझं गावाच्या डोक्यावर टाकायचं आणि वर स्वावलंबनाचं प्रवचन द्यायचं, ही मुंबईची जुनी खोड.

२०२५ च्या अखेरीस आणखी एक मिठाई आली. पट्टीच्या जुन्या थकबाकीत ५० टक्के सूट द्यायची पंचायतींना मुभा. पीक गेलेल्या माणसाला सूट द्या, पूर्ण माफ करा, माझी ना नाही. पण गळक्या पत्र्याखालच्या घराला आणि दुमजली घरवाल्याला एकच सूट? आणि दरवर्षी मार्चमध्ये पावती फाडणाऱ्या म्हातारीला काय, ठेंगा? थकबाकीदार शहाणा ठरला, भरणारा बावळट.

वसुली होऊच शकत नाही हेही खोटं. निवडणूक लागू द्या. थकबाकी असेल तर अर्ज बाद होतो, म्हणून रातोरात पावत्या फाटतात. निराधार योजनेचा दाखला मागायला आलेल्या विधवेकडूनही वसुली बरोबर होते. ज्याला पंचायतीकडून काहीच नको, त्याच्या दारी मात्र शिपाई जात नाही.

खरं सांगून पैसा मागता येतो. याच राज्यानं १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांचा खर्च उचलला आणि १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावला. नोकरदाराला सांगितलं, तुझ्या पगारातून इतके घेतो, खडी फोडणाऱ्याला देतो. कुणाचे आणि कुणाला, दोन्ही उघड. इंग्लंडात बर्मिंगहॅम महापालिकेनं सप्टेंबर २०२३ मध्ये आता नवा खर्च झेपत नाही असं चक्क जाहीर केलं, पुढं कर वाढवला. लोकांनी शिव्या घातल्या, पण आकड्यांना घातल्या. आमच्याकडे शिवी घालायलासुद्धा खरा आकडा नाही.

म्हणून या वर्षी ग्रामसभेत एकच मागणी करायची. मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष हातात पडलेली वसुली वाचून दाखवा आणि जमेच्या बाजूला तेवढीच लिहा. त्यातून आधी पाणी, मग पगार, मग दिवे. उरलं तर कमान बांधा. तूट दिसत असेल तर तूट म्हणूनच लिहा, आणि सूट द्यायचीच असेल तर प्रत्येक घरासमोर कारण लिहून ती यादी फलकावर लावा. दुमजली घरवाल्यांची नावं त्यात निघाली, तर ती सभा कोरमअभावी तहकूब होणार नाही याची काळजी मात्र आपणच घ्यायची.