पगार आपला, निर्णय कुणाचा?

निवृत्तीनंतर माणूस नाही नाही ते कागद वाचू लागतो. बँकेत असताना मी कित्येक कर्जदारांना ‘अटी वाचून सही करा’ असे बजावले; स्वतःच्या आरोग्य विम्याची पुस्तिका मात्र परवा पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. कशाचे पैसे मिळणार नाहीत त्या यादीत सतरावी बाब वंध्यत्वाची, आणि तिच्यात पहिलेच कलम : कोणत्याही प्रकारचे संततिनियमन व नसबंदी. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी ही भाषा एकसारखी करून दिली. मूल होत नाही म्हणून आलेली बाई आणि आता मूल नको म्हणून आलेली बाई, दोघींना एकाच दारातून परत पाठवण्याची सोय झाली. मालकाने गटविम्यात मुद्दाम मागून घेतले तर गोष्ट वेगळी. पण मागतो कोण?

अमेरिकेत याच विषयावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणे गेली. तिथल्या २०१० च्या आरोग्य कायद्याच्या आधारे, नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात गर्भनिरोधनाचा खर्च वेगळे पैसे न घेता द्यावा, असे ठरले. हस्तकलेच्या सामानाची दुकाने चालवणाऱ्या ‘हॉबी लॉबी’ या कंपनीचे मालक श्रद्धाळू ख्रिस्ती. वीस मान्य साधनांपैकी चार आमच्या धर्मश्रद्धेत बसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. २०१४ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची बाजू उचलून धरली. पुढे निराधार वृद्धांची सेवा करणाऱ्या जोगिणींचा एक संघही या वादात होता. ‘आमचा विरोध आहे’ असा फॉर्म भरून द्या, मग विमा कंपनी परस्पर पाहून घेईल, असा मार्ग सरकारने काढला होता. त्या फॉर्मवर सही करणेही पापात भागीदारी आहे, असे त्यांना वाटले. २०२० मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी धार्मिक मालकांना दिलेली सूट कायम झाली.

हे तिकडचे, असे म्हणून पान उलटू नका. हा खटला मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी लढला आहे, आणि तोही न्यायालयाशिवाय. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. कॉलेज स्कॉटिश मिशनचे. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी केले त्याच वर्षी. वर्गात ते गणितच शिकवीत. पण वर्गाबाहेर ते काय करतात, हे मालकांना खुपले. हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा प्रश्न आला, आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, खटले सोसले. त्यातल्या एका खटल्यात त्यांची वकिली डॉ. आंबेडकरांनी केली होती. मिशनला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. कर्व्यांना नावे ठेवणाऱ्यांत आपले सोवळे लोकही काही कमी नव्हते. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो बहुमताने पडला.

बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर मला यात हिशोबाची चूक दिसते. विम्याचा हप्ता मालक भरतो म्हणून तो मालकाचा पैसा, असे अमेरिकेतले युक्तिवाद गृहीत धरतात. पण हप्ता हा पगाराचाच भाग आहे. नोकराने तो कामाने कमावलेला असतो. महिन्याच्या एक तारखेला खात्यात पगार जमा झाला की तो मटणावर खर्च होतो की मंदिरात जातो, हे मालक विचारीत नाही. मग याच एका बाबतीत त्याची श्रद्धा कामगाराच्या घरात का शिरावी? त्या जोगिणींच्या मनाची ओढाताण मला कळते. दुकानदाराची मात्र कळत नाही.

आपल्या कायद्याने हे पूर्वीच ओळखले आहे. राज्य कामगार विम्यात नसबंदी केलेल्या पुरुषाला सात दिवस आणि बाईला चौदा दिवस पूर्ण पगाराएवढा लाभ मिळतो. प्रसूती लाभ कायद्यातही कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी बाईला दोन आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यात मालकाचा धर्म विचारलेला नाही.

तरीही कायदा एका ठिकाणी थांबतो. एका बदलीच्या गावी आमच्या शाखेत एक लिपिक बाई होत्या. गावात बरा दवाखाना एकच, मिशनचा. सिस्टर मंडळींची सेवा अशी की, आजही नाव काढले की हात जोडावेसे वाटतात. तिसऱ्या खेपेस बाईंचे सिझेरियन झाले. त्याच वेळी नसबंदीही उरकून घ्या, असे त्यांनी आधीपासून विनवले होते. उत्तर नम्र होते, पण नाहीच होते. तीन महिन्यांनी बाई सरकारी रुग्णालयात गेल्या. त्यांचे पोट दुसऱ्यांदा उघडले गेले.

चंद्रपूर सोडून मूल, सावलीवरून गडचिरोलीत शिरले की मालक, पॉलिसी, कलमे हे सारे शब्द मागे पडतात. मेमध्ये तेंदूपाने तोडणाऱ्या, एरवी बांबू कापणाऱ्या बाईचा मालक कोण? तिला आहे ते सरकारी उपकेंद्र आणि आशाताईच्या पिशवीतल्या गोळ्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. त्या दिवसांत पिशवी पोचायची कशी? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी याच जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. शंभरात ब्याण्णव बायकांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त आठ. जिची तपासणीच झालेली नाही, तिने गोळी घ्यावी की तांबी बसवावी, हे कोणी सांगायचे? मग उरते एकच साधन, बाईचे ऑपरेशन. आपल्या राज्यात ते सर्वाधिक वापरले जाते. पुरुष नसबंदीचे प्रमाण शंभरात एकही नाही. याला कुठल्या धर्माचा आक्षेप म्हणायचे?

त्या लिपिक बाईंचा रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘प्रकृती अस्वास्थ्य’ एवढेच लिहिले होते. याला नियमाप्रमाणे वेगळी रजा आहे, तुमची आजारपणाची रजा वाया जाईल, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, “राहू द्या साहेब, अर्ज पुढे चार टेबलांवर जातो.”