विश्लेषण : कारखान्यातला जुना संगणक भंगारात काढायचा, की हलक्या प्रणालीवर चालवायचा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित सुरक्षा आधार थांबवला. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या पुरवठादारासाठी हा थेट खर्चाचा प्रश्न आहे. गेटवरचा, स्टोअरमधला, बिलिंगचा आणि सीएनसी मशीनशेजारचा संगणक चालतो आहे. पण तो आता सुरक्षित आहे का?

‘विंडोज ११’ का चालत नाही?

४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणूक ही अट जुने संगणकही पूर्ण करतात. अडते ते ‘टीपीएम २.०’ या सुरक्षा सुविधेवर आणि प्रोसेसरवर. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच अधिकृत यादीत आहेत. त्यामुळे २०१७ आधीचे बहुतेक संगणक बाद ठरतात.

आहे तसेच वापरले तर?

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने दीडशेहून अधिक देशांतील संगणक गाठले. रेनो कंपनीला काही कारखान्यांतले उत्पादन थांबवावे लागले. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. आधार संपलेल्या संगणकाला अशी दुरुस्ती मिळतच नाही. उद्योगांना पैसे भरून मुदतवाढ घेता येते. पण पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट आणि तीही जास्तीत जास्त तीन वर्षे.

हलक्या प्रणालींचे पर्याय कोणते?

लिनक्सवर आधारित अनेक प्रणाली मोफत आहेत. ४ जीबी रॅम असेल तर ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई आवृत्ती सोयीची, तिची मांडणी विंडोजसारखी असल्याने कर्मचारी लवकर रुळतात. २ जीबीच्या आसपास ‘लुबुंटू’ पाहता येते. त्याहून जुन्या, ३२-बिट यंत्रांसाठी ‘अँटिएक्स’ उरते. डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील १३व्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांवरील नवी स्थापना बंद केली, म्हणजे तिथेही पर्याय आटत आहेत. प्रणालीला आधार कधीपर्यंत आहे, हेही पाहावे : ‘मिंट २२’ला २०२९ पर्यंत, तर ‘लुबुंटू २४.०४’ला एप्रिल २०२७ पर्यंतच.

प्रणाली बदलली की वेग वाढतो?

काही अंशी. रॅम सर्वाधिक खातो तो ब्राउझर, आणि तो प्रत्येक प्रणालीवर तितकाच खातो. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास फरक अधिक जाणवतो.

कुठे अडू शकते?

‘टॅली प्राइम’ आणि ‘ऑटोकॅड’ यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. एक्सेलमधले मॅक्रो ‘लिब्रे ऑफिस’मध्ये जसेच्या तसे चालतीलच असे नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बारकोड प्रिंटर आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या फायली आधी तपासाव्या लागतात. ई-वे बिल, ई-मेल, साधी पत्रके ही कामे मात्र सहज होतात.

सीएनसीशेजारच्या संगणकाचे काय?

तिथे घाई नको. जुन्या मशीनला आरएस-२३२ केबलने प्रोग्रॅम पाठवणारे सॉफ्टवेअर अनेकदा विंडोजसाठीच लिहिलेले असते. तो संगणक तसाच ठेवून इंटरनेट आणि कार्यालयीन नेटवर्कपासून तोडणे व्यवहार्य ठरते. पण येणारा पेनड्राइव्ह तपासलाच पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीत नव्या यंत्राचे सॉफ्टवेअर न तपासता नेटवर्कला जोडले गेले आणि ‘वॉनाक्राय’च्याच प्रकाराने उत्पादन ठप्प झाले.

मग निवड कशी करावी?

संगणकाच्या वयावरून नव्हे, कामावरून. गेट, स्टोअर आणि पत्रव्यवहाराच्या संगणकांवर लिनक्स; हिशेब आणि ड्रॉइंगसाठी एखाद-दुसरा नवा संगणक; मशीनशेजारचा संगणक नेटवर्कबाहेर. लिनक्स पेनड्राइव्हवरून न बसवताही चालवून पाहता येते. सुट्टीच्या दिवशी तशी चाचणी घ्यावी. छपाई, वाय-फाय, मराठी टंकलेखन तपासावे आणि बसवण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत बाहेर काढावी, कारण स्थापनेत डिस्क पुसली जाऊ शकते. सर्व संगणकांवर शक्यतो एकच प्रणाली ठेवावी. परवाना फुकट असला तरी बिघाड दुरुस्त करणारा माणूस फुकट नसतो. दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञाला जी प्रणाली येते, तीच त्या कारखान्याला परवडते.