लिपीचा मजहब कोणता?

मे २०२० मध्ये व्हिएतनाममधील मी सन येथील देवळांच्या समूहात भारतीय पुरातत्त्व खात्याला नवव्या शतकातले एक अखंड शिवलिंग सापडले. परराष्ट्रमंत्र्यांनी त्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी हिंदू संस्कृती किती दूरवर पोहोचली होती, याची आनंदाने नोंद घेतली. ती देवळे चंपा राज्यातील चाम लोकांनी बांधली. या चाम लोकांचे वंशज आज हयात आहेत आणि त्यांतले बरेचसे मुसलमान आहेत, हे मात्र आमच्या वाचनात आलेल्या एकाही बातमीत नव्हते. इकडे आपल्या कौमी सभांमध्ये चाम मुसलमानांचे नाव क्वचितच निघते. निघालेच तर पोल पॉटच्या कत्तलीपुरते आणि तिथल्या मशिदींच्या वर्गणीपुरते. हे लोक बोलतात कोणती भाषा, ती कोणत्या अक्षरांत लिहीत आले आणि आज त्यांच्या पोराबाळांना ती अक्षरे का येत नाहीत, हे विचारण्याची गरज दोन्ही बाजूंना वाटत नाही.

आम्हाला ती वाटते. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला जन्मभर एकच प्रश्न पुरतो. ‘तुमची जुबान तर उर्दू, मग हे मराठीत कसे?’ हा प्रश्न साहित्य संमेलनाच्या मांडवात विचारला जातो आणि मशिदीच्या पायरीवरही विचारला जातो. त्यामुळे जगात कुठे एखाद्या मुसलमान समाजाला ‘ही अक्षरे तुझी नव्हेत’ असे सांगितले जात असेल, तर आमचे कान टवकारतात.

चाम भाषा ही मलायी भाषेच्या कुळातली. तिचा सर्वांत जुना लेख मध्य व्हिएतनाममध्ये त्रा क्येउजवळ सापडला. तो चौथ्या शतकातला मानतात. मलायी भाषेचे हाती आलेले पहिले लेख सातव्या शतकातले आहेत, म्हणजे या कुळात सर्वांआधी लिहायला शिकली ती चाम. लिपी ब्राह्मीपासून निघाली, दक्षिण भारताच्या वाटेने गेली. ‘क’ म्हटले की त्यात ‘अ’ आलाच, काना-मात्रा नंतर. आपल्या बाराखडीवर वाढलेल्या माणसाला तिची घडण परकी वाटणार नाही. फरक असा की शब्दाच्या शेवटी व्यंजन आले, तर पाय मोडण्याऐवजी त्या अक्षराचे वेगळेच रूप लिहितात. लिपीचे नाव ‘अखर थ्राह’. अखर म्हणजे अक्षर, हे सांगायला नको.

आता यावरून लगेच ‘बघा, आमचीच वसाहत!’ म्हणणारे उठतात. रमेशचंद्र मजुमदारांसारख्या मोठ्या इतिहासकाराने १९२७ मध्ये चंपावर ग्रंथ लिहिला, तोही ‘अतिपूर्वेकडील प्राचीन भारतीय वसाहती’ या मालेत. चाम माणसाने हजार-दीड हजार वर्षे ती अक्षरे घासूनपुसून स्वतःच्या जिभेला बेतली, त्याचे श्रेय कुठे गेले? पांडुरंग नावाच्या (होय, पांडुरंगच) चाम राज्याची अठराव्या शतकातली सरकारी दप्तरे आज पॅरिसमध्ये आहेत. त्यांत देवदेवतांची स्तोत्रे नाहीत. जमिनीचे व्यवहार आहेत, कर्जाच्या नोंदी आहेत, कराचे हिशेब आहेत. ही लिपी सावकाराची होती, कुळाची होती, कारकुनाची होती. आपल्याकडे मोडी होती, तशी.

आणि ती मुसलमानांचीही होती. व्हिएतनाममध्ये राहिलेल्या चाम समाजाचे दोन मोठे गट आहेत. एक अहिएर, म्हणजे जुन्या देवळांना मानणारे. दुसरे अवल, ज्यांना बानी असेही म्हणतात. हे इस्लामच्या वळणाचे. अवल आणि अहिएर म्हणजे आपले अव्वल आणि आखिर! देऊळ मानणाऱ्यांनी स्वतःला अरबी शब्दाने ओळखावे आणि रमजानला ‘रमावन’ म्हणणाऱ्या बानींनी आपल्या धर्मगुरूंना ‘अचार’, म्हणजे आचार्य, म्हणावे! त्यांच्यातला ज्येष्ठ तो ‘पो ग्रु’, म्हणजे गुरू. त्याच्या हाताखाली इमाम, कातिप, मादिन. कुराणाच्या आयता हे अचार अरबी वळणाच्या अक्षरांत लिहितात. पंचांग आणि काव्य अखर थ्राहमध्ये. सतराव्या शतकातील पो रोमे या राजाने दोन्ही गटांचा सलोखा घडवला, असे परंपरा सांगते. तो कसा घडवला याचे तपशील आख्यायिकेत बुडाले आहेत, पण दोघांची लिपी एक राहिली, हे तर समोर दिसते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव घेणाऱ्या आपल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

१८३२ मध्ये व्हिएतनामी सम्राट मिन्ह मांगने उरलेसुरले चंपा गिळले. अवलांना डुकराचे मांस आणि अहिएरांना गाईचे मांस बळजबरीने खायला लावले गेले. बंडे झाली, ती चिरडली गेली. ही हकीकत चाम लोकांनी स्वतः, स्वतःच्या लिपीत लिहून ठेवली. जुलूम झालेल्याने जुलमाची नोंद आपल्या हाताने ठेवावी, असे इतिहासात कितीदा घडते? आणि ती नोंद वाचणारे आज किती उरलेत?

कंबोडियातली गोष्ट वेगळी आणि अधिक बोचणारी. तिकडे गेलेले चाम बहुतांशी सुन्नी झाले. मलायी उलेमांच्या सहवासात त्यांनी अरबी अक्षरांत चाम लिहायला घेतली आणि जुनी लिपी मागे पडली. उडोंगच्या आसपासच्या इमाम सान यांच्या अनुयायांनी तेवढी ती सांभाळली. हे लोक जुम्म्याला एकदाच सामुदायिक नमाज पढतात, म्हणून बाकीचे त्यांना कच्चे मुसलमान समजतात. १९९८ मध्ये त्यांना सरकारदरबारी वेगळी मान्यता मिळाली. त्याआधी १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजने सर्वांचाच निकाल लावला होता. चाम बोलण्यावर बंदी, कुराणाच्या प्रतींची होळी, गावांची पांगापांग. कोह फल आणि स्वाय ख्लेआंग या गावांनी बंड केले, ती उद्ध्वस्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय साहाय्याने चाललेल्या न्यायालयाने चाम लोकांविरुद्धचा हा वंशसंहार होता, असा निकाल दिला. पोथ्या गेल्या, त्याहून वाईट म्हणजे पोथी वाचणारे गेले.

नव्वदीनंतर मदत आली. मलेशियातून आली, आखातातून आली. मशिदी उभ्या राहिल्या, मदरसे निघाले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्याबद्दल आमची तक्रार नाही. भुकेल्याला ताट देणाऱ्याचे उपकारच मानावेत. पण ताटाबरोबर एक समजूतही आली, की खरा मुसलमान अरबी अक्षरांत असतो आणि इमाम सानवाल्यांची वेलबुट्टीदार अक्षरे म्हणजे जाहिलियतचा अवशेष. येथे आम्ही भांडणार आहोत.

आमचे भांडण अलिफ-बेशी नाही. अरबी अक्षरांत लिहिलेली चाम हीसुद्धा चामच आहे, तीही जपली पाहिजे. पण आज मुलगा अरबी अक्षरे शिकतो ती कुराणपठणासाठी, मलायी शिकतो ती किताबांसाठी, ख्मेर शिकतो ती शाळेसाठी. आईशी ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेत त्याला वाचायला काय आहे? जवळजवळ काहीच नाही. लिपी ‘शुद्ध’ करण्याच्या नादात भाषाच निरक्षर राहिली. फारसीची लिपी अरबी झाली तेव्हा तिने शाहनामा दिला. तुर्कांनी १९२८ मध्ये रोमन लिपी घेतली म्हणून कोणी त्यांना इस्लामबाहेर काढले नाही. बांगला लिपीत कोट्यवधी मुसलमान लिहितात. मग ब्राह्मीच्या या एका लेकीलाच कलमा पढायला का सांगता?

विद्वानांनाही आम्ही सोडणार नाही. १९७८ मध्ये व्हिएतनाममध्ये चाम पाठ्यपुस्तकांसाठी समिती नेमली गेली. फान रांग परिसरातील प्राथमिक शाळांत चाम शिकवली जाऊ लागली, ही त्या सरकारच्या खात्यावर जमा टाकायलाच हवी. पण समितीने मुलांच्या सोयीसाठी लेखनाचे नियम बदलले. दिवंगत पो धर्मा यांच्यासारख्या चाम इतिहासकारांनी आक्षेप घेतला, की या नियमांनी शिकलेल्या मुलाला आजोबांची पोथी वाचता येणार नाही. आक्षेप खोटा नाही. पण या वादात पिढ्या निघून गेल्या. मुलाला आधी सोपे वळण शिकवावे, मग जुने. आम्हीही बालबोध आधी शिकलो, मोडी हौसेने नंतर. दुखणे खरे म्हणजे स्वराच्या खुणेत नाहीच. प्राथमिक शाळा संपली की चामचा तासही संपतो, हे दुखणे आहे. चाम गावांतील मातीची भांडी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपायच्या यादीत गेली. उत्तम झाले. मडक्याला यादी मिळाली, अक्षराला पाचवीनंतर बाकही मिळत नाही.

तरीही काही माणसे हटून बसली आहेत. कवी इनरासारा यांनी २००० पासून ‘तागलाउ’ नावाचे संकलन काढले. त्यात व्हिएतनामीबरोबर चाम मजकूरही छापला. आपल्या या वार्षिकासारखाच खटाटोप, हे वाचकाच्या ध्यानात येईल. ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून घराघरांतल्या पोथ्यांची छायाचित्रे घेतली गेली. एप्रिल २००८ मध्ये चाम लिपी युनिकोडमध्ये आली, त्यामुळे ती मोबाइलवर लिहिण्याची वाट मोकळी झाली. यंत्राची सोय झाली, आता लिहिणारे हात हवेत.

आपल्याकडेही एखाद्या दर्ग्याच्या मुजावराच्या ट्रंकेत इनामाची मोडी सनद असते. घराण्याची सारी हक्कदारी त्या कागदावर, आणि घरात तो वाचणारा एकही नाही. फान रांगकडच्या घरांत बांबूच्या करंडीत ठेवलेल्या पोथीची गत तीच आहे. लोक तिला हात जोडतात, उघडायला भितात.

आपल्या भागातूनही कंबोडियासाठी कधी जकातीचा, कधी सदक्याचा पैसा जातो. देणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की यंदा यासीन शरीफच्या हजार प्रतींच्या जोडीला चाम अक्षरांच्या दोनशे अंकलिप्या छापायलाही पैसे द्या आणि त्या इमाम सानवाल्यांच्या शिक्षकांकडून लिहून घ्या. मौलवीसाहेबांनी हरकत घेतली, तर त्यांना विचारा, अल्लाहने कलमाने शिकवले म्हणतात, त्या कलमाची लिपी कोणती होती?