डॉक्टरी हुकली म्हणजे आरोग्याचे दार बंद झाले काय?



बारावीचे आणि ‘नीट’चे निकाल लागले की आमच्या वस्त्यांतून एक चित्र हटकून दिसते. मुलगी हुशार असते, विज्ञान शाखेची असते. पण वैद्यकीय प्रवेशाइतके गुण तिला मिळालेले नसतात. मग बाप क्लासच्या आणखी एका वर्षाच्या फीसाठी कर्ज काढावयास निघतो, किंवा ‘आता मिळेल ते कर’ असे सांगून मोकळा होतो. आरोग्य म्हणजे डॉक्टर, हे समीकरण आमच्या मनात इतके घट्ट बसले आहे की, सार्वजनिक आरोग्यशिक्षण हा विषय पदवीसाठी घेता येतो, ही गोष्ट पुष्कळांच्या कानावरही गेलेली नाही.

हा विषय म्हणजे काय? डॉक्टर आजारी माणसाला औषध देतो. परंतु एकाच गल्लीतील वीस घरांत एकाच आठवड्यात जुलाब का लागले, हा प्रश्न दवाखान्यात सुटत नाही. त्यासाठी घरे मोजावी लागतात, पाणी कोठून येते ते पाहावे लागते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा जॉन स्नो याने मृत्यू घरनिहाय मोजले आणि ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटले आहेत, हे दाखवून दिले. पंपाचा दांडा काढण्यात आला. पटकीचा जंतू वैद्यकशास्त्राने तोवर मान्यही केलेला नव्हता! ही मोजणीची विद्या, म्हणजे साथरोगशास्त्र व संख्याशास्त्र, या अभ्यासक्रमाचा एक खांब होय. त्याला जोडून पाणी, मैला, पोषण आणि आरोग्यप्रशासन हे विषय येतात. लोकांना समजेल असे सांगणे, ही त्यातील दुसरी विद्या.

ही दुसरी विद्या सोपी वाटते. ती तशी नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजविले आणि पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. औषध हाती आले. पण ते खेड्यातील आईच्या हाती कसे पडावे? १९८० पासून बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व पाणी यांचे मिश्रण आईकडूनच करवून घेऊ लागल्या. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे गाठली एवढ्यावरच ठरत नसे. पुढे दुसरे कोणी तपासावयास गेले असता त्या आईला किती आठवते, यावर तो ठरे. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांपर्यंत ही शिकवण पोचली. शिक्षकाची याहून कडक परीक्षा आम्हाला ठाऊक नाही. आमच्याकडे भिंतीवर घोषवाक्य रंगविले की आरोग्यशिक्षण पार पडले, अशी समजूत आहे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला स्वच्छता शिकविणारे आजवर काय थोडे झाले? हा आक्षेप रास्त आहे. ज्या वस्तीत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येते, तिथे हात धुण्याचा उपदेश करणे हा निव्वळ अपमान होय. ज्यांना पिढ्यान्पिढ्या पाणवठ्यावर पाऊल ठेवू दिले नाही, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणविण्यात आले, म्हणून तर १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. परंतु याच कारणासाठी आमच्या मुलांनी ही विद्या घ्यावी, असे आमचे मत आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे एक आद्य कर्तव्य ठरविले. मात्र अनुच्छेद ३७ मुळे केवळ त्याच्या आधारे न्यायालयातून अंमलबजावणी करवून घेता येत नाही. तरीही वाट आहे. मध्यप्रदेशातील रतलामचे रहिवासी उघड्या गटारांची तक्रार घेऊन दंडाधिकाऱ्याकडे गेले. पैसा नाही, ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली साफ नाकारली. अशा अर्जाला पाण्याच्या तपासणीचा अहवाल आणि घरनिहाय आजारांची यादी जोडता आली, तर वकिलाचे अर्धे काम झाले असे समजा. आणि ती यादी कशी करावी, हे वकिलाला सहसा येत नाही.

आता दुसरी बाजू. या पदवीने कोणी डॉक्टर होत नाही. औषध लिहून देण्याचा अधिकार तिने मिळत नाही. आपल्या देशात हे शिक्षण आजवर मुख्यतः पदवीनंतरचे राहिले. १९३२ साली स्थापन झालेली कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था आणि तमिळनाडूतील गांधीग्रामची संस्था या त्यातील जुन्या जागा. बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम थोड्या विद्यापीठांतच आहे आणि तोही अलीकडचा. पुष्कळ जाहिरातींत अद्याप वैद्यकीय, परिचर्या किंवा समाजकार्याची पदवी मागितलेली असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील बहुतेक जागा कंत्राटी असतात. म्हणून पदवीवर न थांबता पुढे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेण्याची तयारी ठेवावी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ते शिक्षण मिळते.

प्रवेशापूर्वी एक पाहा. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. ‘हेल्थ अकॅडमी’ अशी चकचकीत पाटी लावलेल्या दुकानाला तो नाही. पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष वस्तीत किती आठवडे काम करावे लागते आणि मागील विद्यार्थी कोठे लागले, हे लेखी विचारा. शिष्यवृत्तीही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासच मिळते.

आणि कागदपत्रे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्याही सवलती मिळाल्या. पण शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल, तर मूळ जातीचा आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जुना उतारा, जन्ममृत्यूची नोंद, जे हाती येईल ते जपून ठेवा. जात पडताळणी समितीकडे वेळ लागतो. तेव्हा हे काम निकालानंतरच्या धावपळीत नव्हे, मूल अकरावीत असतानाच हाती घ्या.