पोरांची पोटगी सातबाऱ्यावर चढवा!

हिंजवडीत आयटीची नोकरी, पिरंगुटला कारखान्याची पाळी, भूगावला गुंठ्यांनी विकलेली जमीन. मुळशीत पैसा आला नाही असे कोण म्हणेल? पण नवरा-बायकोचे फाटले, की कोर्टात उभा राहिलेला बाप एका रात्रीत कंगाल होतो. पगार हप्त्यांत गेलेला असतो आणि जमीन ‘आबांच्या नावावर’ असते.

या सबबींना सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी चाप लावला, तोही नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या खटल्यात. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र करायचे. शेतकऱ्यांसाठी नमुनाच वेगळा: जमीन बागायत की जिरायत, तीन वर्षांत उत्पन्न किती, म्हशी किती, शेळ्या किती. मधमाश्यासुद्धा सुटलेल्या नाहीत!

घोडे अडते वसुलीत. थकबाकी वर्षाच्या आत मागितली नाही, तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. पतपेढीचा हप्ता पगारातून मुकाट कापला जातो. पोराच्या दुधाचे पैसे मात्र आईने तारखांना खेटे घालून मागायचे.

पैशांइतकाच वाद मुलांच्या ताब्याचा. त्याचे कायदे 1890 चे आणि हिंदूंसाठी 1956 चे. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या विधी आयोगाने मे 2015 मध्ये, 257 व्या अहवालात, संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली. अहवाल धूळ खात पडला आहे.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याने 2018 मध्ये समान ताबा हाच पाया धरला. तसे सरसकट इथे नको. मारहाणीच्या घरात तर नकोच. शिवाय ‘पोर अर्धा महिना माझ्याकडे असते’ म्हणत पोटगी बुडवणारेही निघतील.

‘हे दिल्लीचे काम’ म्हणून आमदारांनी हात झटकू नयेत. विवाह आणि अज्ञान मुले हा विषय समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य केंद्राच्या कायद्यात बदल करू शकते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये. पोटगीची 500 रुपयांची मर्यादा महाराष्ट्राने 1999 मध्ये 1500 केली. केंद्राने 2001 मध्ये ती उठवली.

तेव्हा मागणी सरळ आहे. पोटगी पगारातूनच कापा. थकली तर बापाच्या हिश्श्यावर, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त, तिचा बोजा चढवा. संयुक्त ताबा कायद्यात आणा, पण मुलाचे हित तपासून. आणि पैसे थकले म्हणून भेट बंद, भेट नाही म्हणून पैसे बंद, हा सौदा बंद करा.

मुळशीकरांनो, मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला पौडच्या चौकात विचारा: या मागण्यांचे विधेयक कधी मांडणार?