एजंटाची परीक्षा झाली, तपासनिसाची कोण घेणार?

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा), मुंबई यांस,



दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्या मुहूर्तावर मी कोथरूडला 14 वर्षं जुन्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. 32 वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी गृहकर्जाच्या टेबलावर, त्यामुळे कागदात मी फसणार नव्हतेच. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च काढला. भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू, सोसायटीचं ना-हरकत पत्र, सगळं फाइलला लावलं. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. तो काय बघतो हे मला चांगलं ठाऊक आहे: कर्ज थकलं तर हा फ्लॅट कितीला जाईल. बाथरूमच्या फरशीचा उतार जाळीकडे आहे की दाराकडे, हा त्याचा विषयच नाही. तरी ‘बँकेनं पास केलंय’ एवढ्यावर माणसं किती निर्धास्त होतात, हे मी वर्षानुवर्षं समोर बसून पाहिलं आणि एकालाही सावध केलं नाही. तेही इथे कबूल करते.

स्वतःच्या वेळी मात्र शहाणपणा करून घर तपासून घ्यायचं ठरवलं. पैसे घेऊन घर तपासून देणारे हल्ली पुण्यात मिळतात. माणूस कुणी सुचवला? एजंटानं. सगळं बिघडलं ते इथेच, पण तेव्हा ती मला सोयच वाटली. गृहस्थ आले, चाळीस मिनिटं थांबले. भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं, चार फरशा ठोकल्या, नळ सोडून पाहिले आणि ‘घर मस्त आहे मॅडम’ म्हणाले. मार्चअखेर होती, भिंतींना नुकताच रंग दिलेला. कोरड्या हवेत कुठलं घर मस्त नसतं? जुलैत बेडरूमच्या भिंतीला पोपडे आले. पॅसेजचं फॉल्स सीलिंग उघडलं तर वरच्या बाथरूमखालच्या स्लॅबचं प्लास्टर सुटलेलं, सळया गंजून लाल. त्याच गृहस्थांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी वॉटरप्रूफिंगचं कोटेशन पाठवलं. दर वाजवी होता, हेही सांगायला हवं.

माझा भाचा कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतो. कोटेशनचं ऐकून तो म्हणाला, ‘‘मावशी, इथे हे चाललं नसतं.’’ तिथे घर तपासणाऱ्याला लायसन्स लागत नाही. पण ज्या घराचा अहवाल दिला, त्याच घराच्या दुरुस्तीचं काम पुढचे 12 महिने पैसे घेऊन करायचं नाही, असा कायदा आहे. टेक्साससारख्या राज्यात तर लायसन्सही लागतं.

आपल्याकडे काय आहे? रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं 30 दिवसांत तो पदरचे पैसे घालून दुरुस्त करायचा. चांगली तरतूद आहे. दुसऱ्या टोकाला सोसायट्यांचे आदर्श उपविधी: इमारतीला 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, 30 नंतर दर 3 वर्षांनी. मी घर घेतलं तेव्हा माझी इमारत 14 वर्षांची होती. म्हणजे बिल्डर सुटलेला आणि ऑडिटर अजून यायचा. मधली दहा वर्षं घर कुणी बघायचं? पुनर्विक्रीचे किती व्यवहार नेमके याच वयाच्या घरांचे होतात, हे कुठल्याही एजंटाला विचारा.

एजंटावरून आठवलं. 2023 मध्ये आपण एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केलीत. तेव्हा पुष्कळ कुरकुर झाली. मला ते पाऊल योग्य वाटलं होतं, आजही वाटतं. पण घर दाखवणारा परीक्षा देऊन येतो आणि घर ‘चांगलं आहे’ असं लिहून देणाऱ्याला मात्र व्हिजिटिंग कार्ड छापलं की पुरतं, हे उलटं नाही का?

माझी विनंती घर तपासणाऱ्यांच्या एका नोंदवहीची आहे. तिच्यात नाव यायचं तर सिव्हिलचं शिक्षण आणि साइटवरचा अनुभव दाखवावा लागेल. एजंट किंवा बिल्डरकडून कमिशन घेत नाही आणि तपासलेल्या घरात दुरुस्तीचं काम करणार नाही, असं लिहून द्यावं लागेल. अहवालात खोलीवार फोटो हवेत. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, काय पाहता आलं नाही तेही त्यात हवं: फॉल्स सीलिंगच्या आत, कपाटामागे, वरच्या फ्लॅटचं बाथरूम, कुलूप असलेली गच्ची. घर तपासणारा म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर नव्हे. कॉलमला तडा दिसला की ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचं, स्ट्रक्चरलवाल्याला बोलवा’ असं जो म्हणतो, तोच खरा माहीतगार. माझ्या गृहस्थांना सगळंच कळत होतं.

विकणाऱ्यांचाही प्रश्न आहे. ‘आम्ही इतकी वर्षं राहतोय, तुम्हाला काय तपासायचंय?’ असं म्हणून दार अडवतात. टोकनच्या पावतीतच ‘तपासणीनंतर व्यवहार पक्का’ ही एक ओळ असावी, असा नमुना आपण प्रसिद्ध केलात, तर घेणाऱ्याला ते मागायला संकोच वाटणार नाही. आज मागणारा संशयी ठरतो.

पुनर्विक्री आमच्या कक्षेत येत नाही, असं उत्तर मला मिळेल. ठाऊक आहे. पण या क्षेत्राच्या वाढीसाठी आणि ग्राहकाच्या हितासाठी शासनाला शिफारशी करण्याचं काम कलम 32 नं आपल्याकडेच दिलं आहे. मी तेवढंच मागते आहे.

मला मिळालेल्या तपासणी अहवालाची प्रत, नावं खोडून, सोबत जोडली आहे. एकच पान आहे. ‘ओल’ या रकान्यापुढे ‘नाही’ असं लिहिलेलं आहे.

आपली,
एक सदनिकाधारक, पुणे